हेक्स तेच, फाइल नवी: एका पंप-पॅनेलच्या असेंब्ली कोडचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीत शेतीपंपांची स्टार्टर पॅनेलं बनवणारा छोटा कारखाना आहे. पॅनेलमधला कंट्रोलर ८०५२ जातीचा आहे: ८ केबी फ्लॅश, २५६ बाइट रॅम, ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. इंटेलने ८०५१ बाजारात आणली १९८० साली, पण स्वस्त, सॉकेटमध्ये बसणारी आणि फिटरला बदलता येणारी चिप म्हणून ती अशा कामांत अजून टिकून आहे. कंट्रोलरची कामं मोजकी. तीन फेजवर लक्ष ठेवायचं, सीटीवरून (करंट ट्रान्सफॉर्मर) मोटरचा करंट वाचायचा, बोअर कोरडी पडली की पंप बंद करायचा आणि चार अंकी डिस्प्लेवर काय चाललंय ते दाखवायचं.

सगळा प्रोग्रॅम असेंब्लीत होता, म्हणजे चिपच्या एकेका इन्स्ट्रक्शनला एकेक ओळ; त्या ओळींचे बाइट करतो तो असेंब्लर. एकच फाइल, सुमारे ३,१०० ओळी, चिपमध्ये ६,४०० बाइट. एकाच माणसाने अनेक वर्षं लिहिलेला, आणि तो माणूस आता दुसरीकडे. लेबलं एल१ पासून एल१४० पर्यंत. रॅममधल्या जागांना नावं नाहीत, थेट ३०एच, ३५एच, ३एएच असे पत्ते (शेवटचा एच म्हणजे हेक्स, सोळाच्या पायावरचा आकडा). काही ठिकाणी टॅब, काही ठिकाणी स्पेस, टॅबची रुंदी कुठे ४ तर कुठे ८ धरलेली. कमेंट रोमन लिपीतल्या मराठीत, सुरुवातीला भरपूर, पुढे विरळ. फोल्डरमध्ये फाइलच्या अकरा प्रती, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल ओके’ या नावांच्या.

कोड वाईट होता असं मात्र नाही. तो वर्षानुवर्षं शेतात चालला. त्याचे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात होते, फाइलमध्ये उतरले नव्हते, एवढंच.

अडचण

आधीच्या आवृत्तीत ड्राय-रनची मर्यादा (करंट हिच्याखाली गेला की बोअर कोरडी समजून पंप बंद) फिटर हाताने अँपिअरमध्ये भरायचा आणि हमखास चुकायचा. म्हणून नवीन सोय मागितली गेली: मेनूत फक्त मोटरची एचपी निवडायची, मर्यादा प्रोग्रॅमने तक्त्यातून उचलायची. तक्त्यात ३ एचपीला २.८ अँपिअर, ५ एचपीला ४.५, ७.५ एचपीला ६.५. मोटर चालू होताना एकदा तक्ता वाचायचा, आकडा रॅममध्ये ठेवायचा आणि बंद होईपर्यंत तोच वापरायचा. नव्या इंजिनिअरने मेनूच्या कोडमधून तक्ता वाचणाऱ्या ओळी उचलून नव्या जागी बसवल्या. (इन्स्ट्रक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टी३ हा तक्ता, डीपीटीआर हे त्याचा पत्ता धरणारं रजिस्टर, ३५एचमध्ये निवडलेल्या एचपीचा क्रमांक, ३एएचमध्ये मर्यादा. ‘मूव्हसी’ तक्त्यातला आकडा उचलते.)

एल२७:मूव्ह डीपीटीआर,#टी३
 मूव्ह ए,३५एच
मूव्हसी ए,@ए+डीपीटीआर
  मूव्ह ३एएच,ए

टेस्ट बेंचवर ४० वेळा चालू-बंद करून पाहिलं, सगळं ठीक. २२० पॅनेलं बाहेर गेली.

पुढच्या सहा आठवड्यांत पाच तक्रारी आल्या. विहिरीत पाणी आहे, तरी पंप सुरू झाल्यावर काही सेकंदांत ‘ड्राय’ दाखवून बंद पडतो. बंद करून पुन्हा चालू केला की दिवसभर चालतो. फिटरांनी शिरस्त्याप्रमाणे सीटी बदलल्या, कनेक्शनं आवळली, कमी व्होल्टेजला दोष दिला. तक्रार त्याच पॅनेलवर पुन्हा येत नसल्यामुळे प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटायचा.

नोंदवहीत एक गोष्ट होती, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. पाचही तक्रारी ३ आणि ७.५ एचपीच्या पॅनेलांच्या होत्या. सर्वांत जास्त खपलेल्या ५ एचपीची एकही नव्हती.

पर्याय

चार मार्ग चर्चेत आले.

पहिला म्हणजे मर्यादा तीनदा वाचून दोनदा जुळली तरच घ्यायची. दहा ओळींचं आणि एका दिवसाचं काम. पण चूक कुठून येते हे न कळता वरून लेप लावायचा, आणि तोच दोष उद्या दुसऱ्या तक्त्यात निघाला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरा मार्ग, पूर्वीची आवृत्ती परत बसवायची. विक्री विभागाला हे मान्य नव्हतं, एचपी निवडण्याची सोय जाहीर झाली होती.

तिसरा, सगळं सी भाषेत नव्याने लिहायचं. यावर सर्वांत जास्त वाद झाला आणि खरं तर हा पर्याय वेडगळ नव्हता. नडली चाचणी. फेज जाणं, उलट फेज, कमी-जास्त व्होल्टेज, ओव्हरलोड, कोरडी बोअर यांतली प्रत्येक स्थिती पुन्हा तपासावी लागली असती, आणि जुना प्रोग्रॅम नेमकं काय करतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याचं वर्तन माहीत नाही त्याची नक्कल कशाशी ताडून पाहणार? शिवाय ८ केबीतले ६,४०० बाइट आधीच भरलेले, म्हणजे कंपायलरच्या कोडला फुगायला जागा कमी.

चौथा पर्याय, आहे तीच फाइल वाचण्याजोगी करायची. अट एकच, चिपमध्ये जाणारा एकही बाइट बदलता कामा नये. दोष शोधायचा तो ही फाइल वाचून. हा मार्ग घेतला. मुदत ठरली दोन आठवडे.

या मार्गाचं बळ त्या अटीत आहे. लेबलाचं नाव, रकाने, कमेंट, पत्त्याला दिलेलं नाव, यांतलं काहीही असेंब्लरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे आधीची आणि नंतरची हेक्स फाइल (असेंब्लरने काढलेली, चिपमध्ये भरायच्या बाइटांची) तंतोतंत जुळली तर पंपाच्या वर्तनात तसूभरही फरक पडलेला नाही, हे चाचणीविना सिद्ध होतं. इतकी स्वस्त हमी सीमध्ये नव्याने लिहिताना मिळत नाही.

काय केलं

सुरुवातीलाच ठेच लागली. फोल्डरमधली सर्वांत ताजी फाइल असेंबल करून उत्पादन विभागाकडच्या हेक्सशी ताडली तर तीन बाइट वेगळे. शेतातल्या चिपमधून प्रोग्रॅम परत वाचणं शक्य नव्हतं, लॉक बिट लावलेले असतात. शेवटी अकराच्या अकरा प्रती असेंबल करून पाहिल्या. नाव जुनं असलेली चौथी प्रत जुळली. करंटच्या कॅलिब्रेशनचे तीन आकडे कुणीतरी त्या प्रतीत थेट बदलले होते. जुळणाऱ्या प्रतीवरच पुढचं काम करायचं ठरलं, आणि ती गिटमध्ये (फाइलीतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) पहिली नोंद म्हणून गेली. या टप्प्याला पूर्ण दीड दिवस गेला. तो वाचवायला गेले असते तर पुढचं सगळं काम चुकीच्या फाइलवर झालं असतं.

मग रकाने. लेबल पहिल्या रकान्यात, इन्स्ट्रक्शन ९ व्या, ऑपरंड (इन्स्ट्रक्शन ज्यावर काम करते ते) १७ व्या, कमेंट ४१ व्या, ओळ ८० च्या आत. टॅब नाहीत, फक्त स्पेस. सात अक्षरांहून लांब लेबल स्वतंत्र ओळीवर. ही पद्धत पंचकार्डांच्या काळापासून चालत आली आहे. आयबीएमच्या सिस्टिम/३६० च्या असेंब्लरमध्ये नाव पहिल्या रकान्यात, इन्स्ट्रक्शन १० व्या, ऑपरंड १६ व्या असा रिवाज होता आणि ओळ पुढे चालू आहे हे सांगायला ७२ वा रकाना राखलेला असे. आता कार्डं नाहीत, पण डोळा तसाच खाली घसरतो: एका रकान्यात फक्त इन्स्ट्रक्शन, शेजारच्या रकान्यात फक्त ऑपरंड.

हे काम छोट्या स्क्रिप्टने केलं, आणि स्क्रिप्ट दोनदा चुकली. एकदा अवतरण चिन्हांच्या आतला अर्धविराम तिने कमेंटची सुरुवात समजून तोडला. दुसऱ्यांदा डिस्प्लेच्या संदेशातला टॅब तिने स्पेस करून टाकला. पहिली चूक असेंब्लरनेच ओरडून सांगितली. दुसरी मुकाट्याने गेली असती, पण विंडोजच्या ‘एफसी’ आदेशाने बाइट-बाइट ताडताना पकडली गेली. प्रत्येक पावलानंतर असेंबल करायचं, ताडायचं, जुळलं तरच गिटमध्ये नोंद करायची, हा क्रम शेवटपर्यंत पाळला.

लूपच्या आतल्या ओळी सीसारख्या आत सरकवाव्यात का, यावर मतभेद झाले. असेंब्लीत उडी कुठूनही कुठेही जाते. आत सरकवलेली ओळ ‘हा भाग बंदिस्त आहे’ असं खोटं आश्वासन देते, म्हणून सरसकट नको असं ठरलं. अपवाद एकच केला: इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून चालणारा छोटा कोड) बंद करणारी ‘सीएलआर ईए’ आणि पुन्हा चालू करणारी ‘सेटबी ईए’ यांच्या मधल्या ओळी दोन स्पेस आत. पुढे दोष उघडा पाडण्यात या दोन स्पेसचा मोठा वाटा होता.

आकड्यांचे नियम छोटे, पण फायद्याचे निघाले. मोजणीचे आकडे दशमानात, बिटांचे मुखवटे द्विमानात, पत्ते हेक्समध्ये. टायमरमध्ये भरायचा ईईएच हा आकडा कुठून आला ते आता फाइलमध्येच दिसतं. या चिपची एक सायकल क्रिस्टलच्या १२ ठोक्यांची, म्हणून ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने भागलं की सेकंदाला ९,२१,६०० सायकल. ५ मिलिसेकंदांच्या होतात ४,६०८. म्हणून ‘हाय (६५५३६ − ४६०८)’ असं लिहिलं. असेंब्लर तेच ईईएच काढतो, हेक्स बदलत नाही आणि उद्या क्रिस्टल बदलला तर काय बदलायचं ते कळतं.

‘$+५’ सारख्या उड्या सतरा ठिकाणी होत्या. अशा उडीच्या मध्ये कुणी एक इन्स्ट्रक्शन घातली की ती दुसऱ्याच इन्स्ट्रक्शनच्या पोटात जाऊन पडते आणि असेंब्लर चकार शब्द काढत नाही. सतराही ठिकाणी लेबलं लावली. स्वतःवरच थांबणारी ‘डीजेएनझेड आर७,$’ तेवढी ठेवली, तिच्यात हा धोका नाही.

नावं देताना काय चुकलं

रॅमच्या पत्त्यांना नावं देणं हा सर्वांत किचकट भाग होता, आणि इथली चूक सांगण्यासारखी आहे.

८०५१ मध्ये ‘मूव्ह ए,३०एच’ म्हणजे ३०एच क्रमांकाच्या जागेतला मजकूर आण आणि ‘मूव्ह ए,#३०एच’ म्हणजे ३०एच हा आकडाच आण. फरक एका # चा. फाइलमध्ये ३०एच ही जागा ‘ऑन-डिले’साठी होती, म्हणून एकगठ्ठा शोधा-आणि-बदला करून सगळीकडे ते नाव घातलं. हेक्स जुळलं आणि सगळे निर्धास्त झाले.

पण फाइलमध्ये ‘अॅड ए,#३०एच’ ही ओळही सहा ठिकाणी होती. तिथल्या ३०एचचा ऑन-डिलेशी काही संबंध नाही. तो ‘०’ या अक्षराचा आस्की कोड आहे, अंकाचं अक्षर करून सिरियल पोर्टवर पाठवायला लागणारा. आता त्या ओळी ‘अॅड ए,#ऑन_डिले’ असं वाचायला लागल्या. मशीनच्या दृष्टीने अचूक, वाचणाऱ्याच्या दृष्टीने शुद्ध थाप. उद्या कुणी ऑन-डिलेची जागा ३०एचवरून हलवली असती तर सिरियल पोर्टवर कचरा आला असता. हेक्स जुळणं मशीनची हमी देतं, नावाच्या खरेपणाची नाही. हा धडा आठव्या दिवशी मिळाला, दोघे समोरासमोर बसून छापील लिस्टिंग मोठ्याने वाचत असताना. त्यानंतर एकगठ्ठा बदल बंद केले. एका वेळी एक नाव, प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून, आणि एका नावाला गिटमध्ये एक नोंद.

याच वेळी तीन नियम ठरले. स्थिर आकड्यांच्या नावांना ‘के_’ हा उपसर्ग, म्हणजे # शिवाय आलेला ‘के_’ शोधून काढता येतो. अशी विसरलेली # असेंब्लरला चूक वाटतच नाही. दुसरा नियम, रॅमच्या जागा ‘डेटा’ने आणि बिट ‘बिट’ने जाहीर करायच्या, नुसत्या ‘इक्यू’ने नाही. ८०५१ मध्ये बाइट २०एच आणि बिट २०एच या वेगळ्या जागा आहेत. बिट २०एच म्हणजे बाइट २४एचचा शून्यावा बिट. ‘इक्यू’ने दिलेलं नाव दोन्हीकडे चालून जातं, ‘बिट’ने दिलेलं नाव बाइटच्या जागी वापरलं की असेंब्लर अडवतो. तिसरा, एकच जागा दोन कामांना वापरली असेल तर दोन नावं द्यायची आणि दोन्हीकडे तसं लिहायचं. अशा चार जागा निघाल्या.

कॅपिटल-स्मॉल अक्षरांवरून नावांत भेद करायचा विचार लगेच सोडला, हा असेंब्लर तो भेद मानतच नव्हता. कमेंट देवनागरीत लिहून पाहिली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. जुन्या असेंब्लरच्या लिस्टिंगमध्ये त्यांचा चिखल झाला आणि रकाने मोडले. म्हणून रोमन लिपीतली मराठीच ठेवली. ती इंग्रजीत उलथवायची टूम निघाली होती, पण ‘पाणी नाही तर बंद, ८ सेकंद थांबून’ हे ज्यांना वाचायचं आहे त्यांना तसंच चांगलं कळतं.

दोष कसा सापडला

दोष रकान्यांनी नाही सापडला, शीर्षकांनी सापडला. प्रत्येक सबरूटीनच्या (पुन्हा पुन्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा) डोक्यावर पाच ओळी लिहायच्या ठरल्या होत्या: काय घेतं, काय देतं, काय बिघडवतं, किती सायकल, स्टॅकवर किती बाइट. ‘बिघडवतं’ची ओळ अंदाजाने नाही, तर आतली प्रत्येक इन्स्ट्रक्शन तपासून भरायची.

अकराव्या दिवशी टायमर-० च्या इंटरप्टची पाळी आली. हा इंटरप्ट दर ५ मिलिसेकंदांनी डिस्प्लेचा एक अंक पेटवतो. शीर्षकाचा महत्त्वाचा भाग असा भरला गेला:

; काम       : डिस्प्लेचा पुढचा अंक पेटवणं
; जपतं      : ए, पीएसडब्ल्यू
; रजिस्टर   : बँक १ वापरतं, बँक ० ला हात नाही
; बिघडवतं   : डीपीटीआर

इंटरप्टच्या शीर्षकात ‘बिघडवतं’ या ओळीपुढे काहीही येणं हेच धोक्याचं लक्षण. इंटरप्ट कधीही येतो, त्याने काहीच बिघडवून चालत नाही. हा मात्र अंकाची आकृती काढण्यासाठी डीपीटीआरमध्ये सेगमेंटच्या तक्त्याचा पत्ता भरतो आणि जाताना तसाच सोडून जातो.

मग इतकी वर्षं कसं चाललं? मूळ प्रोग्रॅमरला हे पक्कं माहीत होतं. मुख्य कोडमध्ये तक्ता वाचायच्या पाचही जागी त्याने आधी इंटरप्ट बंद केला होता, नंतर चालू. आता त्या पाचही जागा दोन स्पेस आत सरकलेल्या दिसत होत्या. सहावी, म्हणजे एचपीची नवीन जागा, सरळ रेषेत होती. मेनूच्या कोडमध्ये ‘सीएलआर ईए’ तक्त्याच्या चौदा ओळी वर होतं आणि ‘सेटबी ईए’ बरंच खाली, दोन्हींवर कमेंट नाही. मधल्या चार ओळी उचलणाऱ्या माणसाला ही जोडी या ओळींची राखण आहे हे कळायला काही मार्ग नव्हता.

पुढचं चित्र आपोआप जुळलं. डीपीटीआर भरल्यापासून ‘मूव्हसी’ सुरू होईपर्यंत इंटरप्ट शिरला तर मर्यादेच्या तक्त्याऐवजी सेगमेंटचा तक्ता वाचला जातो. तिथे ०, १, २ या अंकांच्या आकृत्या आहेत: ३एफएच, ०६एच, ५बीएच. दशांश अँपिअरमध्ये वाचलं तर ६.३, ०.६ आणि ९.१. तीन एचपीची मोटर पाचेक अँपिअरवर चालते, तिला ६.३ ची मर्यादा लागली की ‘ड्राय’. साडेसातची मोटर ९.१ च्या खाली चालत असेल तर तिचंही तेच. पाच एचपीला मर्यादा लागते ०.६, म्हणजे ड्राय-रनचं संरक्षण जवळपास नाहीच. तिथून तक्रार येत नव्हती कारण पंप विनाकारण बंद पडत नव्हता. बोअर खरोखर कोरडी पडली असती तर मोटर जळाली असती आणि दोष रिवाइंडिंगवाल्याच्या खात्यावर गेला असता.

हिशेबही बसला. धोक्याची खिडकी तीन सायकलची, इंटरप्ट दर ४,६०८ सायकलला, म्हणजे ढोबळमानाने १,५३६ वेळा चालू केल्यावर एकदा. ४० वेळच्या चाचणीत असा दोष दिसण्याची शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी. शेतात २२० पॅनेलं, दिवसाला साधारण दोनदा चालू, म्हणजे दर साडेतीन दिवसांनी कुठेतरी एकदा.

खात्री करायला दोष ताणून मोठा केला. डीपीटीआर भरणं आणि ‘मूव्हसी’ यांच्या मध्ये ५ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ खाणारा लूप घातला. आतली ‘डीजेएनझेड’ दोन सायकलची, २५६ फेऱ्या, बाहेर १० फेऱ्या, म्हणजे ५,१२० सायकल आणि वर थोड्या. आता एक तरी इंटरप्ट मध्ये शिरणारच. मर्यादा दर वेळी चुकीची आली, अगदी अपेक्षित आकड्यांसह.

दुरुस्ती

दोन उपाय होते: सहाव्या जागीही इंटरप्ट बंद करायचा, किंवा इंटरप्टनेच डीपीटीआर जपायचा. पहिल्याला चार बाइट पुरले असते, पण ‘तक्ता वाचताना इंटरप्ट बंद’ हा अलिखित नियम तसाच राहिला असता. दुसऱ्याला दोन ‘पुश’ (स्टॅकवर ठेवणं) आणि दोन ‘पॉप’ (तिथून परत घेणं), मिळून आठ बाइट, आठ सायकल, स्टॅकवर दोन बाइट जास्त. ४,६०८ मध्ये आठ सायकल कुणाला जाणवतही नाहीत. दुसरा निवडला.

आठ बाइट घातले आणि असेंब्लरने दोन ठिकाणी चूक दाखवली. सबरूटीन बोलावणारी ‘एकॉल’ फक्त आपल्या २ केबीच्या पानात पोचते, आणि एक सबरूटीन हद्दीपलीकडे सरकलं होतं. तिथे कुठेही पोचणारी ‘एलकॉल’ केली, आणखी दोन बाइट गेले. मग तोच ताणलेला लूप पुन्हा घालून पाहिलं: मर्यादा दर वेळी बरोबर. लूप काढला आणि नवीन हेक्स उत्पादनात गेलं.

चिपा बदलायचा क्रम तक्रारींवरून लावला नाही. आधी ५ एचपीची पॅनेलं, जिथून तक्रार नव्हती. फिटरांना हे समजावणं अवघड गेलं, ज्यांच्याकडे काहीच बिघडलेलं नाही त्यांच्या बांधावर आधी का जायचं म्हणून.

निष्पत्ती

दोन आठवड्यांचं काम जवळजवळ पाच आठवडे चाललं. फाइल ३,१०० ओळींवरून ४,४०० वर गेली. भर सगळी शीर्षकं, मोकळ्या ओळी आणि नावांच्या जाहीरनाम्यांची. बदललेल्या चिपांपैकी एकाही पॅनेलवर ही तक्रार पुन्हा आली नाही. पुढचा बदल, लाईट आल्यावर पंप उशिरा चालू होण्याची वेळ ९९ वरून २५५ सेकंदांपर्यंत नेणं, दोन दिवसांत झाला. त्यातला एक दिवस डिस्प्लेला तिसरा अंक देण्यात गेला.

काय वेगळं करता आलं असतं

तक्रारींची यादी एचपीनुसार लावायला दहा मिनिटं लागली असती. ‘५ एचपीची एकही नाही’ हे पहिल्या दिवशी दिसलं असतं तर शोध थेट तक्त्यापाशी सुरू झाला असता आणि सीटी बदलायचा खर्च वाचला असता.

शीर्षकं आधी आणि रकाने नंतर, असा क्रम उलटा चालला असता. टायमर-० च्या इंटरप्टचं शीर्षक पहिल्याच दिवशी लिहिता आलं असतं. इंटरप्ट फक्त तीन आहेत, आणि अधूनमधून येणारा दोष असेल तर आधी तिथेच बघावं. रकाने लावण्यात समाधान पटकन मिळतं म्हणून त्यांत चार दिवस गेले.

सायकलची संख्या प्रत्येक सबरूटीनच्या डोक्यावर लिहिणं ही हौस होती. दुरुस्तीनंतर त्यांतले काही आकडे लगेच खोटे झाले आणि कुणी बदलले नाहीत. आता ती ओळ फक्त जिथे वेळेला महत्त्व आहे अशा सात सबरूटीनांवर ठेवली आहे, बाकीच्यांवरून पुसली. ‘बिघडवतं’च्या ओळीलाही तोच धोका होता. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: सबरूटीनमध्ये कोणत्या रजिस्टरांत लिहिलं जातं ते गोळा करायचं आणि शीर्षकाशी ताडायचं. आतून बोलावलेल्या सबरूटीनांपर्यंत ती जात नाही, तो भाग अजून माणसानेच बघायचा आहे.

रकान्यांच्या एका नोंदीमुळे गिटमध्ये ‘ही ओळ कुणी, का बदलली’ हे शोधताना प्रत्येक ओळीवर तीच नोंद दिसू लागली. २०१९ मधल्या गिट २.२३ पासून अशा नोंदी वगळायची सोय आहे. त्या नोंदीचा क्रमांक वगळण्याच्या यादीत टाकला. नावं बदलल्याच्या नोंदी वगळल्या नाहीत, त्यांत अर्थ आहे.

एक काम अर्धवट आहे. इंटरप्ट डीपीटीआर जपू लागल्यावर मुख्य कोडमधल्या जुन्या पाच ‘सीएलआर ईए’ जोड्या तशा निरुपयोगी झाल्या. त्यांतली एक नीट पाहिल्यावर कळलं की तिच्या आत सिरियल पोर्टचा इंटरप्ट वापरत असलेली दोन बाइटची मोजणीही वाचली जाते, म्हणजे ती जोडी भलत्याच कारणाने गरजेची आहे. तिच्यावर तसं लिहून ठेवलंय. उरलेल्या चार तपासून होईपर्यंत काढायच्या नाहीत असं ठरलं, आणि त्या चारही आज दोन स्पेस आत उभ्या आहेत, प्रत्येकीच्या शेजारी एक प्रश्नचिन्ह.